काढून टाकले, म्हणजे गेले का?

शाळेला भेट म्हणून आलेला जुना संगणक सुरू झाला की पडद्याच्या उजव्या बाजूला, अगदी खाली, घड्याळाच्या जरा वर नजर टाकावी. बहुतेक वेळा तिथे काहीच नसते. पण एखाद्या यंत्रावर तिथे फिकट अक्षरांत 'टेस्ट मोड' असे शब्द दिसतात आणि त्यांच्याखाली विंडोजच्या आवृत्तीचा क्रमांक. मागचे चित्र बदलले तरी ही अक्षरे हलत नाहीत. संगणक मात्र व्यवस्थित चालत असतो, म्हणून कोणी फारसे मनावर घेत नाही. खरे तर घ्यायला हवे. ते का, हे पाहताना संगणकातून एखादी गोष्ट 'काढून टाकणे' म्हणजे नेमके काय, याचाही उलगडा होतो.

हे शब्द दिसत असतील, तर त्या यंत्रावर पूर्वी कोणी तरी ड्रायव्हर लिहीत किंवा तपासत होते असा अंदाज बांधायला हरकत नाही. प्रयोगशाळांतून हे काम नेहमीचे आहे. एखाद्या उपकरणातून येणारे विद्युत्संकेत मोजण्यासाठी आम्ही एखादे कार्ड स्वतः बांधतो किंवा बांधून घेतो. ते बाजारात मिळत नाही, म्हणून त्याचा ड्रायव्हरही बाजारात मिळत नाही. तो लिहावा लागतो. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा 'विंडोज ड्रायव्हर किट' नावाचा संच संगणकात बसवतात. (व्हिस्टापूर्वी याच संचाला 'ड्रायव्हर डेव्हलपमेंट किट' म्हणत.) काम संपते, यंत्र जुने होते, संच काढून टाकला जातो आणि संगणक शाळेच्या वाटेला लागतो. संच गेला, पण कोपऱ्यातले शब्द राहिले. आणि ते राहिले, याचा अर्थ त्यांच्यामागचे आणखीही काही राहिले.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. शाळेच्या कार्यालयातला प्रिंटर बदलला, तरी निकालपत्रक टंकलिखित करण्याचा प्रोग्रॅम बदलावा लागत नाही. कारण तो प्रोग्रॅम प्रिंटरशी थेट बोलतच नाही. तो विंडोजला सांगतो, विंडोज त्या प्रिंटरच्या ड्रायव्हरला सांगते आणि ड्रायव्हर त्या विशिष्ट प्रिंटरला कळेल अशा भाषेत निरोप पोचवतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. मात्र हा दुभाष्या बाहेर बाकावर बसून काम करत नाही. बरेचसे ड्रायव्हर संगणकाच्या गाभाऱ्यात बसतात.

गाभारा हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अधिकारांच्या चार पायऱ्या केलेल्या आहेत, शून्यापासून तीनपर्यंत. विंडोज त्यांतल्या दोनच वापरते. आपले नेहमीचे प्रोग्रॅम तिसऱ्या पायरीवर चालतात. त्यांना स्वतःपुरती स्मृती मिळते आणि दुसऱ्याच्या स्मृतीत हात घालता येत नाही. शून्य पायरीवर विंडोजचा गाभा असतो आणि त्याच्याच मांडीला मांडी लावून ड्रायव्हर. तिथे भिंती नाहीत. म्हणून चित्र काढायचा प्रोग्रॅम बिघडला तर तेवढाच बंद पडतो, पण गाभ्यातल्या ड्रायव्हरने नको तिथे लिहिले की सगळे यंत्र निळा पडदा दाखवून थांबते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-ड्रायव्हरला चुकीची माहिती असलेली एक फाइल पोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातले ८५ लाख संगणक असे ठप्प झाले. विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांनी हाताने पास लिहून दिले, हे त्या दिवसाचे चित्र अनेकांना आठवत असेल.

ज्याला गाभाऱ्यात घ्यायचे त्याची ओळख पटवून घ्यावी, हे ओघानेच आले. विंडोज व्हिस्टाच्या ६४ बिटच्या आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून, गाभ्यात बसणाऱ्या ड्रायव्हरवर अंकीय सही असल्याशिवाय विंडोज त्याला आत घेत नाही. ही सही म्हणजे अक्षरांचे वळण नव्हे, ती गणिती असते. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी सही जुळत नाही. सही कोणाची, हे सांगणारे प्रमाणपत्र तिच्यासोबत असते आणि त्या प्रमाणपत्रामागे विंडोजला मान्य असलेली संस्था उभी असावी लागते. ही व्यवस्था अभेद्य नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या विषाणूच्या ड्रायव्हरवर रिअलटेक कंपनीच्या चोरलेल्या प्रमाणपत्राची सही होती. पण कुलूप फोडता येते म्हणून कोणी दार उघडे ठेवत नाही.

आता ड्रायव्हर लिहिणाऱ्याची अडचण पाहा. तो दिवसातून वीस वेळा ड्रायव्हर बदलून पाहणार. दर वेळी रीतसर सही कुठून आणायची? म्हणून मायक्रोसॉफ्टने एक सोय ठेवली आहे. संगणकाला परीक्षण-अवस्थेत टाकायचे. या अवस्थेत गाभा म्हणतो, सही असू द्या, मात्र ती कोणाची आहे हे मी विचारणार नाही. घरच्या घरी बनवलेल्या प्रमाणपत्राची सही त्याला चालते. हीच ती 'टेस्ट मोड'. कोपऱ्यातली अक्षरे ही विंडोजने लावलेली पाटी आहे, दरवानाला सुट्टी दिल्याची.

एखाद्या प्रयोगशाळेतल्या किंवा पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या टेबलावर ही पाटी योग्यच असते. शाळेच्या संगणक-कक्षात ती योग्य नाही. अजूनही कित्येक शाळांत सगळी मुले एकाच खात्यातून संगणक वापरतात आणि ते खाते सर्वाधिकार असलेले असते. एखाद्या पेनड्राइव्हवरून आलेला उपद्रवी प्रोग्रॅम अशा यंत्रावर थेट गाभाऱ्यापर्यंत जाऊ शकतो, आणि एकदा तिथे बसला की विषाणू शोधणाऱ्या प्रोग्रॅमपासूनही तो स्वतःला लपवू शकतो. ती अक्षरे दिसू नयेत म्हणून काही जण निरनिराळ्या युक्त्या वापरतात. त्या अजिबात वापरू नयेत. अक्षरे जातात, अवस्था तशीच राहते.

मांडववाल्याची यादी

मग संच काढून टाकला तेव्हा ही अवस्था का गेली नाही? याचे उत्तर गावातल्या लग्नात सापडते. लग्न झाले की मांडववाला येतो. त्याच्याकडे यादी असते: इतके बांबू, इतक्या कनाती, इतक्या खुर्च्या. यादीप्रमाणे मोजून तो टेम्पोत भरतो आणि जातो. अंगणातले खड्डे त्याच्या यादीत नसतात. ट्रक आत यावा म्हणून कुंपणाची तार ज्या पाहुण्याने सोडली, ती बांधणे हेही त्याचे काम नव्हे. तो प्रामाणिकच आहे, पण त्याची यादी तेवढीच आहे.

संगणकातला प्रोग्रॅम काढणारी यंत्रणाही अशीच यादीवर चालते. फार पूर्वी, विंडोज ३.१ च्या काळात, यादीसुद्धा नव्हती. प्रोग्रॅम आपल्या फाइली विंडोजच्या फोल्डरात टाकत, दोन-चार ओळी 'विन' आणि 'सिस्टिम' या नावांच्या आयएनआय फाइलींत लिहीत आणि नंतर कोणती ओळ कोणाची हे कोणालाच कळत नसे. विंडोज ९५ मध्ये 'ॲड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स' आले. १९९९ पासून 'विंडोज इन्स्टॉलर' ही यंत्रणा आली. तिच्यामार्फत बसवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची यादी ती एका लपवलेल्या फोल्डरात जपून ठेवते. (जागा वाचवायची म्हणून तो फोल्डर कोणी रिकामा केला, की पुढे तो प्रोग्रॅम धड दुरुस्तही होत नाही आणि धड जातही नाही.)

एकच फाइल दोन प्रोग्रॅम वापरत असतील तर? त्यासाठी मोजणी ठेवलेली असते. फाइल वापरणारा नवा प्रोग्रॅम आला की आकडा एकाने वाढतो, गेला की एकाने कमी होतो, आणि शून्य झाला की फाइल पुसली जाते. हिशेब सोपा आहे, पण सगळ्यांनी तो पाळला तरच बरोबर येतो. विंडोज ९५ आणि ९८ वापरलेल्या शिक्षकांना तो प्रश्न आठवत असेल: ही सामाईक फाइल आता कोणी वापरत नसावे असे दिसते, काढून टाकू का? यंत्रालाच खात्री नसल्यामुळे ते माणसाला विचारत होते, आणि माणसाला तर त्याहून कमी माहिती होती.

ड्रायव्हर किटच्या बाबतीत संच काढण्याचा भाग अगदी सोपा आहे. सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत 'विंडोज ड्रायव्हर किट' शोधायचे आणि काढायचे. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये त्याचे एक जोडपत्र बसलेले असते, ते वेगळे काढावे लागते. मात्र 'विंडोज किट्स' हे फोल्डर हाताने पुसण्याचा आडमार्ग धरू नये. त्याच फोल्डरात मायक्रोसॉफ्टचा दुसरा एक संच, 'सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किट', नांदत असतो. हाताने पुसले तर एकाबरोबर दुसऱ्याचेही घर मोडते आणि दोघांच्या याद्या मात्र जागच्या जागी राहतात. संच रीतसर काढल्यावरही काही फोल्डर उरलेले दिसतील, त्यात भिण्यासारखे काही नाही. ज्या फाइली संचाने आणल्या नव्हत्या, त्या संच काढताना जात नाहीत. म्हणजे तिथे कोणी तरी केलेले काम आहे. ते बघून मगच पुसावे.

यादीची ही गोष्ट वर्गात करून दाखवता येते. एखादा छोटा, निरुपद्रवी प्रोग्रॅम निवडा. तो बसवण्याआधी कमांडच्या खिडकीतून 'डीआयआर' या आज्ञेने सगळ्या डिस्कवरच्या फाइलींची यादी एका फाइलीत उतरवून घ्या. प्रोग्रॅम बसवा, मुलांना तो थोडा वेळ वापरू द्या, मग काढून टाका आणि पुन्हा यादी उतरवा. दोन याद्या 'एफसी' या आज्ञेने ताडून पाहिल्या की मधल्या काळात काय काय उरले ते समोर येते. वापरला नाही तर जवळपास काहीच उरत नाही, वापरला तर उरते, हा फरक मुलांनी स्वतः शोधून काढला तर उत्तम. अर्थात विंडोज स्वतःही सतत काही ना काही लिहीत असते. त्यामुळे काहीच न करता दोन याद्या घेऊन त्यांत किती फरक पडतो, हेही आधी पाहून ठेवावे. प्रयोगातली 'तुलनेची बशी' म्हणजे काय, हे सांगण्याची ती चांगली संधी आहे.

खड्डे कुठे कुठे असतात

परीक्षण-अवस्था हा यादीबाहेरचा पहिला खड्डा. ती किटने लावलेली नसते. किट वापरणाऱ्या माणसाने विंडोजच्याच एका आज्ञेने लावलेली असते आणि संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या नोंदींत ती लिहिलेली असते. त्याच ठिकाणी आणखी एक नोंद असू शकते: दुसऱ्या संगणकाला या संगणकाच्या गाभ्यात डोकावू देणारी, म्हणजे दोष शोधण्याची सोय. दोन्ही बंद करायच्या असतात. 'बीसीडीएडिट' ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने नुसती चालवली तरी या नोंदी पडद्यावर दिसतात. 'टेस्टसाइनिंग' आणि 'डीबग' या दोन शब्दांपुढे 'येस' लिहिले असेल, तर तो खड्डा आहे.

दुसरी जागा म्हणजे 'ड्रायव्हर व्हेरिफायर'. हा विंडोजमध्येच असलेला कडक परीक्षक आहे. नेमून दिलेल्या ड्रायव्हरने थोडा जरी नियम मोडला की तो मुद्दाम निळा पडदा आणतो. तपासणाऱ्याला तेच हवे असते. पण हा परीक्षक एकदा नेमला की यंत्र बंद करून सुरू केले तरी कामावरच असतो. भेट मिळालेले यंत्र फार मंद चालते, अधूनमधून निळे पडते, स्मृतीची पट्टी बदलूनही फरक पडत नाही, असे असेल तर 'व्हेरिफायर' ही आज्ञा 'रीसेट' या शब्दासह चालवून यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे. खर्च काही नाही.

तिसरी जागा ड्रायव्हरची कोठी. व्हिस्टापासून विंडोज प्रत्येक ड्रायव्हरची एक प्रत आपल्या कोठीत ठेवते. कार्ड काढून घेतले तरी प्रत तिथेच असते, आणि तसेच कार्ड पुन्हा लावले की ती आपोआप बाहेर येते. बाहेरून आलेल्या ड्रायव्हरांना विंडोज 'ओईएम' आणि पुढे एक आकडा अशी नवी नावे देते, त्यामुळे मूळ नावाने शोधून ते सापडत नाहीत. 'पीएनपीयुटिल' ही आज्ञा त्यांची यादी देते आणि तिनेच ते काढायचे असतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवायला सांगितले की पूर्वी कधी तरी जोडलेल्या उपकरणांच्या नोंदीही फिकट चित्रांसह दिसू लागतात.

सर्वांत दुर्लक्षित जागा मात्र प्रमाणपत्रांची. परीक्षणासाठी घरी बनवलेले प्रमाणपत्र त्या यंत्रावर 'विश्वसनीय मूळ संस्थां'च्या यादीत घातलेले असते. म्हणजे मोठमोठ्या जागतिक संस्थांच्या शेजारी आपल्याच प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थ्याचे नाव. त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली ज्याच्याकडे, त्याने सही केलेली कोणतीही गोष्ट हा संगणक खरी मानतो. किट काढल्याने हे नाव जात नाही.

हा धोका काल्पनिक नाही. २०१४ च्या सुमारास लेनोव्हो कंपनीने विकलेल्या काही लॅपटॉपमध्ये जाहिराती दाखवणारा 'सुपरफिश' नावाचा प्रोग्रॅम आधीच भरलेला होता. सुरक्षित संकेतस्थळांच्या पानांतही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने आपले प्रमाणपत्र मूळ संस्थांच्या यादीत घातले होते, आणि सगळ्या लॅपटॉपांवर गुप्त किल्ली एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षातज्ज्ञाने ती किल्ली बाहेर काढून दाखवली. लोकांनी घाईने सुपरफिश काढून टाकला. प्रोग्रॅम गेला, प्रमाणपत्र राहिले. म्हणजे त्रास देणारा गेला आणि त्याने पाडलेले भगदाड तसेच उरले. ते बुजवण्यासाठी कंपनीला वेगळे साधन द्यावे लागले.

याच्या उलटही होते, काढण्यानेच मोडतोड होते. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही संगीत-तबकड्या संगणकात घातल्या की त्यांतला एक ड्रायव्हर गुपचूप यंत्रात जाऊन बसत असे. तबकडीची नक्कल होऊ नये हा त्याचा हेतू. मार्क रुसिनोव्हिच यांना तो आपल्या संगणकात सापडला आणि ३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्यांनी ही हकिगत प्रसिद्ध केली. त्यांनी ड्रायव्हरच्या फाइली पुसल्या, यंत्र पुन्हा सुरू केले, तर सीडी ड्राइव्हच नाहीसा! कारण हा ड्रायव्हर सीडी ड्राइव्हच्या मूळ ड्रायव्हरला गाळणीसारखा जोडलेला होता. गाळणी काढली, पण 'इथे गाळणी आहे' ही नोंद तशीच होती. विंडोज तिची वाट पाहत बसले आणि ती न सापडल्याने ड्राइव्ह सुरूच झाला नाही. नोंद शोधून काढल्यावर ड्राइव्ह परत आला. रुसिनोव्हिच यांना विंडोजचा गाभा तोंडपाठ होता, सामान्य ग्राहकाने काय केले असते? पुढे कंपनीने संकेतस्थळावरून चालणारे काढण्याचे साधन दिले. प्रिन्स्टन विद्यापीठातील हाल्डरमन आणि फेल्टन यांनी दाखवून दिले, की त्या साधनाचा एक भाग यंत्रात मागे राहतो आणि त्याच्या आधारे कोणतेही संकेतस्थळ त्या यंत्रावर हवा तो प्रोग्रॅम चालवू शकते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी परीक्षणाचा ड्रायव्हर आणि त्याचे उपकरण काढायचे, मग प्रमाणपत्रे, मग परीक्षकाला रजा, मग परीक्षण-अवस्था आणि दोष शोधण्याची सोय बंद, आणि किट सर्वांत शेवटी. उलट केले तर काय होते? परीक्षण-अवस्था आधी बंद केली आणि घरगुती सहीचा ड्रायव्हर आत राहिला, तर पुढच्या वेळी विंडोज त्याला अडवते आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणापुढे पिवळे चिन्ह आणि ५२ हा आकडा दिसतो. तो ड्रायव्हर हार्ड डिस्कशी संबंधित असेल तर यंत्र सुरूच न होण्याचीही शक्यता असते. किट आधी काढले तर ड्रायव्हर काढण्याची काही साधने, उदाहरणार्थ 'डेव्हकॉन', त्याच्याबरोबरच निघून जातात. शिडी भिंतीला लावून वर चढलेल्या माणसाने आधी शिडी उचलून द्यावी, तसा हा प्रकार. यंत्रावर बिटलॉकर चालू असेल तर सुरू होतानाच्या नोंदी बदलण्यापूर्वी तो तात्पुरता थांबवावा आणि त्याची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली कागदावर लिहून हाताशी ठेवावी. नाही तर नोंदी बदलल्याचे पाहून तो दारातच अडवतो.

एवढा उपद्व्याप कोण करणार, असे वाटणे साहजिक आहे. शाळेला मिळालेल्या यंत्राच्या बाबतीत आमचा सल्ला सरळ आहे: डिस्क पूर्ण पुसून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवावी. वर सांगितलेले सगळे खड्डे त्याने एका झटक्यात बुजतात. आधीच्या मालकाची खासगी माहितीही त्यात जाते, हा दोघांचाही फायदा. देणाऱ्या संस्थेला 'यंत्र पुसून नव्याने बसवून द्या' असे सांगण्यात संकोच करू नये.

फक्त एक जागा अशी आहे की तिथे डिस्क पुसण्याचा हात पोचत नाही. परीक्षण-अवस्था लावण्यासाठी 'सिक्युअर बूट' ही सोय आधी बंद करावी लागते, आणि तिची नोंद डिस्कवर नसते, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. नवी विंडोज बसवल्यावर कोपरा स्वच्छ दिसतो, तरी ही सोय बंदच राहिलेली असू शकते. स्टार्टच्या खिडकीत 'एमएस इन्फो ३२' असे रोमन अक्षरांत, मधली जागा न सोडता लिहावे. उघडणाऱ्या पानावर 'सिक्युअर बूट स्टेट' या ओळीपुढे 'ऑफ' असेल, तर यंत्र सुरू होताना एफ २ किंवा डिलीटची कळ दाबून (कळ यंत्रागणिक बदलते) सेटअपमध्ये जावे, ती सोय 'ऑन' करावी आणि बदल जतन करून बाहेर पडावे. 'अनसपोर्टेड' असे असेल, तर यंत्र त्या सोयीच्या आधीच्या पिढीचे आहे किंवा जुन्या पद्धतीने सुरू होते आहे. नव्याने बसवताना सेटअपमध्ये यूईएफआय ही पद्धत उपलब्ध आहे का, ते पाहून मगच बसवायला घ्यावे.